जमिनीच्या पोटातील पीक आणि आपली मशागत

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या व्यवस्थापकांनी मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणाविषयी काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावयाची? परंतु आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राबलेला आहे. संत सावता महाराजांनी आपल्या भाजीच्या वाफ्यातच पंढरी पाहिली, ती परंपरा आपण सांगतो. तेव्हा आज मी त्या वाफ्यातील मातीविषयीच चार शब्द बोलणार आहे. मी कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वाचनाची आवड असलेला आणि सुटीच्या दिवशी घरच्या मळ्यात काम केलेला एक निवृत्त शिक्षक आहे. म्हणून जे सांगेन ते जाणकारांनी सिद्ध केलेले आणि आपणां सर्वांस घरच्या घरी पडताळून पाहता येईल, असेच सांगेन.

माझा विषय कंदमुळांचा आहे. मुळा, गाजर, बीट, रताळी, बटाटा आणि आपल्या जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक जो कांदा, या सर्वांना आपण व्यवहारात एकाच टोपलीत घालतो. वनस्पतिशास्त्र मात्र त्यांची निरनिराळी प्रतवारी लावते. गाजर, मुळा व रताळे ही खरोखरीची मुळे होत. बटाटा हे मूळ नव्हे, तो जमिनीखाली वाढलेल्या खोडाचा फुगलेला भाग आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरील कळ्याच होत. आणि कांदा म्हणजे तर पानांचेच जाडजूड झालेले बुडखे, एकावर एक गुंडाळलेले. शाळेत मी कांदा उभा चिरून मुलांना दाखवीत असे. तळाशी जी लहानशी चकती दिसते तेवढेच त्याचे खोड, आणि तिला फुटलेले पांढरे तंतू हीच त्याची मुळे.

अशा या भिन्न कुळांतील पिकांत एक गुण समान आहे, आणि माझ्या आजच्या सर्व सांगण्याचे मूळ त्या गुणात आहे. बाजरीचे कणीस हवेत वाढते. ज्वारीचा दाणा भरताना त्याला कोणाचा अडथळा नसतो. कंदमुळाला मात्र स्वतःच्या वाढीसाठी प्रत्येक दिवशी माती बाजूला सारावी लागते. गाजराला खाली घुसावे लागते, रताळ्याला चोहोंकडून माती रेटावी लागते, कांद्याला अर्धे अंग जमिनीत ठेवून फुगावे लागते. म्हणून धान्याचे पीक जमिनीचे कितीतरी दोष पोटात घालते. कंदमूळ घालीत नाही. जमीन कठीण असेल तर ते वाकडे होते, ढेकळे असतील तर त्याला फाटे फुटतात, पाणी साचत असेल तर ते सडते, आणि खत चुकले तर वर पाल्याचे रान माजते व खाली बोटाएवढे मूळ निघते. जमिनीची आपण वर्षभर काय निगा राखली, याचा चोख हिशेब खुरप्याच्या एका फटक्यासरशी हातात येतो.

आता आपल्या जिल्ह्याची जमीन पाहू. नगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तो क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. पश्चिमेस अकोल्याचे सह्याद्रीचे डोंगर, उत्तरेस गोदावरी व प्रवरेचे सपाट खोरे, मध्ये मुळा, आणि दक्षिणेस भीमा-सीनेचा अवर्षणग्रस्त मुलूख. या सर्व जमिनीची जननी एकच, दख्खनचा काळा पाषाण. तो झिजून डोंगरउतारावर मुरमाड व हलकी जमीन झाली, आणि खोऱ्यात खोल काळी जमीन साचली. या काळ्या जमिनीतील चिकणमाती मोठी विलक्षण आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा भुसा त्या भेगांत पडतो आणि पावसाळ्यात जमीन पुन्हा मिटते. म्हणूनच ही जमीन स्वतःला स्वतःच नांगरते, असे म्हणत असत. तिच्यात चुनखडीचे प्रमाण पुष्कळ, आणि सेंद्रिय द्रव्य मात्र उष्ण हवेमुळे लवकर जळून जाणारे.

आपल्या वाडवडिलांनी या दोन्ही जमिनी ओळखल्या होत्या. रताळी लावावयाची तर नदीकाठची पोयट्याची, वाळूसर जमीन. तीही सरीवर नव्हे, वरंब्यावर. गाजर-मुळ्याचे वाफे विहिरीजवळच्या भुसभुशीत तुकड्यात. भारी काळ्या रानात रताळी लावली तर ती लांब, बारीक व रेषाळ होतात, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. आज बाजार मागतो म्हणून कोणत्याही जमिनीत कोणतेही पीक आपण घेतो, आणि जमिनीची उणीव यंत्राने व पोत्याने भरून काढू म्हणतो. ती भरून निघते काय, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम मशागतीचा विचार करू. आपल्या भाषेत एक अनमोल शब्द आहे, वाफसा. जमीन फार ओलीही नाही, फार वाळलेलीही नाही, अवजार लावताच माती सुटी होऊन पडते, अशी ती घटका. भारी काळ्या जमिनीत ही घटका फार थोडा काळ टिकते. वाफसा येण्यापूर्वी नांगर घातला तर मातीचे गुळगुळीत, चकाकणारे तुकडे पडतात, आणि ते वाळल्यावर विटेसारखे होतात. वाफसा टळल्यावर घातला तर डोक्याएवढी ढेकळे निघतात. बैलजोडी घरची होती तेव्हा ही घटका साधणे शेतकऱ्याच्या हाती होते. आज ट्रॅक्टर भाड्याचा असतो. त्याच्या मालकाकडे वीस जणांची नावे लागलेली असतात, आणि आपली पाळी येईल तोच आपला वाफसा, असा व्यवहार झाला आहे.

नांगराचा इतिहासही बोधप्रद आहे. लाकडी नांगर जमीन उलटीत नसे, फाडीत असे. हराळी-कुंद्याने व्यापलेले रान मोडावयाचे तर त्याला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने कित्येक दिवस त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे त्याच नांगराने दख्खनची माजलेली राने मोडली. म्हणजे नवे अवजार वाईट असते, असे मुळीच नव्हे. परंतु अवजार किती वेळा व कोठे चालवावे, याचा विवेक पाहिजे. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे आणि १९३३ पासून सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले. त्यांतून जी पद्धती निघाली तिने काळ्या जमिनीत दरवर्षी खोल नांगरट करावयास सांगितले नाही. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट व एरवी कुळवाच्या पाळ्या, असे तिचे सांगणे होते.

हे कोरडवाहूचे झाले. कंदमुळांना अधिक भुसभुशीत जमीन लागते हे खरे. पण सध्या ती भुसभुशीतपणाची हौस रोटाव्हेटरवर भागविली जाते. रोटाव्हेटर वरची चार-पाच इंच माती पिठासारखी करतो. पाहणाऱ्याचे समाधान होते. परंतु त्याची पाती दरवर्षी त्याच खोलीवर फिरतात, वरून ट्रॅक्टरचे वजन पडते, आणि पिठाखाली फरशीसारखा थर बसत जातो. शास्त्रज्ञ जमिनीत लोखंडी सळई दाबून हा कठीणपणा मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो एवढा दाब लागू लागला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ जवळजवळ थांबते. गाजराचे कोवळे मूळ उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खाली धावत असते. त्याचा शेंडा त्या थरावर, दगडावर किंवा ढेकळावर आदळला की तेथेच फाटा फुटतो. मग त्यास कितीही खतपाणी द्या, ते सरळ होत नाही. कांद्याची मुळे मुळातच उथळ, वरच्या वीतभर मातीत पसरणारी. तो थर खाली आला की पावसाचे पाणी मुरत नाही, वरच्या पिठात चिखल होतो, आणि खरिपाच्या कांद्याची पात पिवळी पडते. आपण म्हणतो, रोग आला. रोग येतोच, पण त्याच्यासाठी दार आपण उघडलेले असते.

माती खरोखर घडलेली आहे की नुसती दळलेली, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. काचेचे दोन पेले पाण्याने भरावेत. एकात बांधावरच्या झाडाखालचे वाळलेले लहान ढेकूळ अलगद सोडावे, दुसऱ्यात रोज नांगरल्या जाणाऱ्या रानातले. शेतातले ढेकूळ बहुधा बघता बघता विरघळून तळाशी चिखल होतो. बांधावरचे त्या मानाने पुष्कळ वेळ आपला आकार धरून राहते. माती तीच, पाऊस तोच. फरक एवढाच की बांधावरच्या मातीत पालापाचोळा कुजलेला असतो, मुळांचे जाळे असते, गांडुळे असतात, आणि ती वर्षातून चार वेळा दळली जात नाही. शाळेत हा प्रयोग केला की मुले हमखास विचारीत, गुरुजी, मग आपण शेत बांधासारखे का करीत नाही? या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी द्यावयाचे आहे.

आता खताकडे वळू. आपल्यात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, रासायनिक खत म्हणजे विष. दुसरा म्हणतो, शेणखतात आहे काय, दोन पोती जास्त टाका. दोन्ही पक्षांनी हिशेब केलेला नाही. तो आपण येथे करू.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, म्हणजे टनामागे ५ किलो. युरियात ते ४६ टक्के असते; ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र. म्हणजे एका गोणीइतके नत्र आणावयाचे तर चार टन शेणखत वाहून न्यावे लागेल. या हिशेबाने पाहिले तर शेणखतवाला हरलाच. परंतु खत म्हणजे केवळ नत्र नव्हे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड नावाचे एक जुने प्रयोगक्षेत्र आहे. तेथील जमीनदार लॉझ यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट तयार करण्याचे पेटंट घेतले आणि १८४३ साली गिल्बर्ट या रसायनज्ञाच्या साह्याने दोन शेतांत प्रयोग मांडले. एका शेतात गहू, आणि बार्नफील्ड नावाच्या दुसऱ्या शेतात कंदमुळे. प्रथम शलगम, पुढे मँगोल्ड नावाचे गुरांचे बीट, नंतर साखरेचे बीट. गव्हाच्या शेतात असे दिसले की नत्र, स्फुरद व पालाश पुरेसे दिले तर केवळ रासायनिक खतावर शेणखताच्या तोडीचे पीक दीर्घकाळ येत राहते. कंदमुळांच्या शेतात मात्र निराळे घडले. वर्षानुवर्षे शेणखत मिळालेल्या जमिनीत नत्राची जोड दिली असता जे उत्पन्न आले, ते केवळ रासायनिक खतावरील उत्पन्नाहून सरस ठरले. शेणखताने मातीची घडण सुधारली होती, ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढली होती, आणि कंदमुळाला नेमके तेच हवे होते. धान्य क्षमा करते, कंदमूळ करीत नाही, असे मी आरंभी म्हटले, त्यास याहून जुना पुरावा सापडणे कठीण.

आपल्या देशातही १९७० साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने दीर्घ मुदतीचे खतप्रयोग अनेक ठिकाणी सुरू केले. महाराष्ट्रात अकोला व परभणी येथे असे प्रयोग चालतात. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की केवळ नत्र देत राहिल्यास उत्पन्न घसरत जाते, आणि समतोल रासायनिक खताला शेणखताची जोड दिल्यास ते टिकते व जमीनही सुधारते. तेव्हा भांडण शेणखत व पोते यांचे नाही. शेणखत हे जमिनीचे घर बांधते, पोते त्या घरातील माणसांना जेवू घालते. घरच पडके असेल तर पंगत कोठे बसवावयाची?

कांद्याचेच उदाहरण घेऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ सालची. आपल्या भागातील रूढ शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश व सुमारे २० टन शेणखत अशी आहे. मातीपरीक्षणानुसार ती कमीजास्त करावयाची. एकरी हिशेब केला तर नत्र ४० किलो, म्हणजे युरियाच्या जेमतेम दोन गोण्या. त्यातील अर्धे लागवडीच्या वेळी, उरलेले हप्त्यांनी, आणि लागवडीपासून साठ दिवसांनंतर नत्र मुळीच नाही. कारण त्यानंतर कांद्याने पात वाढविण्याचे सोडून गड्डा पोसावयाचा असतो. आपण त्याला त्या वेळी पुन्हा नत्र चारले तर तो पातच वाढवीत बसतो, मान जाड राहते, ती नीट वाळत नाही, आणि असा कांदा चाळीत भरला की मानेतून सड आत शिरते. वजनकाट्यावर दिसलेली वाढ श्रावणात चाळीतून घमेल्याने बाहेर फेकावी लागते. रताळ्याचेही तसेच, नत्र अधिक झाले की वेलांनी रान झाकते आणि वरंबा उकरला तर हाती निराशा येते. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे.

स्फुरद आपल्या चुनखडीच्या जमिनीत लवकर बांधले जाते, म्हणून ते वर फेकून उपयोग नाही. लागवडीपूर्वी मुळांच्या कक्षेत पडले पाहिजे. पालाश कंदात पिष्टमय द्रव्य साठविण्यास व टिकाऊपणास साह्य करते. आणि गंधकाचा तर कांद्याशी विशेष संबंध. ज्या द्रव्यांमुळे कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते, ती गंधकयुक्तच असतात. साध्या सुपरफॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर गंधकही असते. केवळ युरिया व डीएपी यांवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली म्हणजे हे गंधक मिळत नाही. शेणखताविषयी एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात ताजे शेण कधी घालू नये. त्यामुळे मुळांना फाटे फुटतात, हुमणीची अळी येते आणि तण माजते. खत पूर्ण कुजलेले हवे, आणि शक्य तर ते आधीच्या पिकाला द्यावे, म्हणजे कंदमुळाला त्याचा बेवड मिळतो. हा बेवड शब्दही आपल्या शेतकऱ्यांच्या शहाणपणाचा ठेवा आहे.

आता तिसरी गोष्ट पाण्याची. मशागत व खत यांच्या गप्पा पाण्याशिवाय अपुऱ्या राहतील. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली मळे फुलले. आपल्याच समाजातील सासवडकडची धाडसी मंडळी नीरा व गोदावरीच्या कालव्यांवर जमिनी घेऊन ऊस पिकवू लागली. त्यांच्या उद्योगातून १९३२ साली सासवड माळी साखर कारखान्याची स्थापना झाली. १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व जिल्ह्याचे रूप पालटले. हा सर्व इतिहास अभिमानाचा आहे. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी डॉ. हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांनी १९१० सालीच लिहिले होते. १९३८ साली बसू व सिरूर यांनी नीरेच्या उजव्या कालव्याखालील व आपल्या प्रवरा कालव्यांखालील जमिनींची पाहणी प्रसिद्ध केली, तीही कोणती जमीन पाणी सोसते व कोणती सोसत नाही, हे ठरविण्यासाठीच. खोल काळ्या जमिनीत निचऱ्यावाचून पाणी भरत राहिले की खालचे क्षार वर येतात, जमीन प्रथम खारवट व पुढे चोपण होते. चोपण जमीन ओली असता लोण्यासारखी चिकटते व वाळली असता दगडासारखी होते. तिला वाफसा म्हणून येतच नाही.

या क्षाराचा पहिला तडाखा कंदमुळांना बसतो. मातीतील क्षार तिच्या अर्काच्या विद्युत्‌वाहकतेवरून मोजतात. ही वाहकता दर मीटरला १ डेसिसायमनच्या पुढे गेली की गाजराचे उत्पन्न घटू लागते. कांदा व मुळा यांची मर्यादा सुमारे १.२, रताळ्याची १.५. भाजीचे बीट ४ पर्यंत व साखरेचे बीट ७ पर्यंत दम धरते, कारण बिटाचे मूळ कूळ समुद्रकाठचे. म्हणजे गहू-कापूस अजून बरा येत असतो, तेव्हाच कांदा आपल्याला जमीन बिघडल्याची वर्दी देत असतो. ही वर्दी ओळखण्याऐवजी आपण खताची आणखी एक गोणी ओततो. आणि रासायनिक खते ही स्वतः क्षारच असल्यामुळे आजारात भर पडते.

बंधुभगिनींनो, मातीचे सत्त्व वाहून जाते ही चिंता नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची कठोर टीका सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यात डोंगरावरील पालापाचोळ्याचे व मेलेल्या जिवांचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यांत वाया न जाता शेतात मुरावे, यासाठी ताली-बंधारे घालण्याची सूचनाही त्यांनी केली आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. रसायनशास्त्राची पोती येथे येण्यापूर्वी त्यांनी सेंद्रिय द्रव्याचे मोल जाणले होते. त्यांच्या तसबिरीला आपण दरवर्षी हार घालतो; त्यांची ही सूचना आपल्या बांधावर किती जणांनी अमलात आणली, हेही पाहिले पाहिजे.

मी हे एवढ्या कळकळीने का सांगतो? आपल्या पुष्कळ कुटुंबांची जमीन वाटण्या होऊन दोन-अडीच एकरांवर आली आहे. एकाच तुकड्यात खरीप, रांगडा व उन्हाळी अशा कांद्यावर कांदा घेतला जातो, किंवा तो तुकडा खंडाने दिला जातो, आणि खंडकरी एक वर्षासाठी घेतलेल्या जमिनीत शेणखताची गाडी कशाला ओतील? बाजारभाव आपल्या हाती नाही. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. त्या पाच महिन्यांत कोणाचे काय झाले हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावयास नको. भाव आपल्या हाती नाही, पाऊस आपल्या हाती नाही. या धंद्यात आपल्या हाती असलेली मालमत्ता एकच, वरची वीतभर माती. मुलांच्या नावे ठेवावयाची ठेव तीच, आणि तिच्यातूनच आपण दरवर्षी मुद्दल काढून खात आहो.

त्या मुद्दलाचेही गणित मांडू. एक एकर रानातील वरच्या वीतभर मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर जमीन त्या बाबतीत निकृष्ट, पाऊण टक्क्याहून अधिक असेल तर चांगली, असे मातीपरीक्षणात धरतात. कर्ब केवळ एक दशांश टक्क्याने वाढवावयाचा म्हणजे एकरी नऊशे किलो कर्ब मातीत टिकवून दाखवावयाचा. आणि घातलेल्या शेणखतातील बहुतेक भाग तर आपल्या उन्हात वर्षभरात जळून जातो. म्हणजे हे काम एका हंगामाचे नव्हे, निदान दहा वर्षांच्या नेटाचे आहे. ते मोडण्यास मात्र चार-पाच हंगाम पुरतात.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवितो.

पहिली, वाफशाची कसोटी. मूठभर माती दाबून लाडू वळावा व कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो पडून फुटला, भुगा झाला, तर अवजार घालावे. तसाच चपटा बसला तर ट्रॅक्टरवाल्यास हात जोडून परत पाठवावे. कठीण थर बसला असेल तर उन्हाळ्यात जमीन कोरडी असता सबसॉयलर चालवावा. एकेकट्यास परवडत नसेल तर पाच-दहा घरांनी मिळून आणावा. आणि कांदा सपाट वाफ्याऐवजी रुंद गादीवाफ्यावर घ्यावा. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्था १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा आणि मध्ये ४५ सेंटिमीटरची सरी सुचविते. त्याने मुळांना हवा मिळते व पाणी निथळते.

दुसरी, मातीपरीक्षण. मृदा आरोग्य पत्रिकेची सरकारी योजना २०१५ साली निघाली. पुष्कळांच्या घरी ती पत्रिका लग्नपत्रिकेशेजारी पडून आहे. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्यावी, बांधाजवळची वा उकिरड्याजवळची घेऊ नये, आणि आलेल्या आकड्यांप्रमाणे खत विकत घ्यावे, दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे नव्हे.

तिसरी, सेंद्रिय द्रव्य. उसाचे पाचट व पिकांचा पालापाचोळा जाळणे बंद करावे. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येताच गाडावा. धनगरबांधवांची मेंढरे रानात बसविण्याची आपली जुनी चाल चालू ठेवावी. ती मेंढरे खतही देतात आणि ते घरपोच देतात. धरण-तलावातील गाळ रानात टाकावयाचा तर तो हलक्या, मुरमाड जमिनीत टाकावा. भारी काळ्या रानात तो टाकून निचरा आणखी बिघडवू नये.

चौथी, फेरपालट. कांद्यावर कांदा हा जमिनीचा छळ आहे. मध्ये भुईमूग, हरभरा, मूग असे द्विदल पीक आले की नत्राचीही बचत होते व रोगाची साखळीही तुटते.

शेवटी संघास एक विनंती. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीने आणखी एक पारितोषिक ठेवावे. ज्या शेतकऱ्याच्या रानातील सेंद्रिय कर्ब पाच वर्षांत प्रयोगशाळेच्या दाखल्यानुसार सर्वांत अधिक वाढला, त्यास या व्यासपीठावर बोलावून नारळ व फेटा द्यावा. एकरी उत्पन्नाचे विक्रम मोडणाऱ्यांचे सत्कार आपण पुष्कळ केले. आता जमीन सुधारणाऱ्याचा एक तरी करू या. त्यासाठी लागणाऱ्या मातीपरीक्षणाच्या नोंदी ठेवण्याचे काम हा निवृत्त मास्तर आनंदाने व विनावेतन करील.